एका पेन्सिल सेलवरचा हंस: वंडरस्वानबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंडरस्वानचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "हे काय असतं?" आणि लगेच दुसरा, "मग गेमबॉय का नाही?" गेल्या काही वर्षांत मित्रांनी, त्यांच्या मुलांनी, जपानीच्या वर्गातल्या सोबत्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे मला मनापासून बोलायचं होतं, म्हणून ती तशीच ठेवली.

वंडरस्वान म्हणजे नेमकं काय?

हातात धरून खेळायचं एक छोटं गेमिंग यंत्र. जपानच्या बांदाई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ते ४ मार्च १९९९ रोजी बाजारात आणलं. किंमत ४,८०० येन. त्याच सुमाराला निन्टेन्डो कंपनीचं याच प्रकारचं यंत्र, गेमबॉय कलर, ६,८०० येनला मिळत होतं, म्हणजे फरक चांगलाच जाणवण्यासारखा होता. स्क्रीन काळापांढरा, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. चालायला एकच पेन्सिल सेल पुरायचा, आणि तो तीस-चाळीस तास टिकायचा.

बांदाई म्हणजे तामागोची काढणारी कंपनी. १९९६च्या अखेरीस त्या अंड्याएवढ्या खेळण्याने जपानला वेड लावलं होतं. त्यामुळे मुलांच्या खिशात मावेल, आईवडिलांच्या खिशाला परवडेल अशी वस्तू कशी बनवायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वंडरस्वानच्या साधारण ३५ लाख प्रती विकल्या गेल्या असं मानलं जातं. जपानबाहेर मात्र ते कधी धडपणे पोचलंच नाही. म्हणून आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेम आणि ब्रिक गेमवर वाढलेल्यांनीही बहुधा त्याचं नाव ऐकलेलं नसतं.

हे कोणाच्या डोक्यातून आलं?

गुनपेई योकोई यांच्या. या यंत्रावर माझा जीव जडला त्याचं अर्धं कारण हा माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

योकोई १९४१ साली क्योतोत जन्मले. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकले आणि १९६५ साली निन्टेन्डोत लागले. तेव्हाची निन्टेन्डो म्हणजे हानाफुदा, म्हणजे जपानी पत्ते, छापणारी कंपनी. योकोईंचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. हाताला काम कमी आणि वेळ भरपूर. त्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा लाकडी चिमटा बनवला, कात्रीसारखा उघडला की पुढे सरकणारा. कंपनीचे प्रमुख यामाउची यांनी तो पाहिला आणि म्हणाले, याचं खेळणं कर. ते खेळणं 'अल्ट्रा हॅन्ड' या नावाने १९६६मध्ये आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. देखभाल करणारा माणूस खेळणी बनवायला बसला तो असा.

पुढची यादी थक्क करणारी आहे. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढताना दिसला, त्यावरून १९८०मध्ये 'गेम अँड वॉच' ही खिशात मावणारी खेळयंत्रं आली. १९८२च्या 'डाँकी काँग'च्या छोट्या यंत्रावर त्यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशेचं बटण बसवलं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली त्याच बटणाचं एखादं रूप असतं. मग १९८९ साली गेमबॉय. आणि १९९५मध्ये 'व्हर्च्युअल बॉय', डोळे लावून आत बघायचं त्रिमितीय चित्रांचं यंत्र, जे बाजारात साफ आपटलं.

१९९६च्या ऑगस्टमध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडली. लोक त्याचा संबंध थेट व्हर्च्युअल बॉयशी जोडतात, पण स्वतःचं काहीतरी सुरू करायचं त्यांच्या मनात त्याआधीपासून होतं. क्योतोतच त्यांनी 'कोतो' ही छोटी कंपनी काढली, आणि बांदाईसाठी ज्या यंत्राची आखणी सुरू केली तेच पुढे वंडरस्वान झालं. ते पूर्ण झालेलं त्यांना पाहता आलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या महामार्गावर ते बसले होते त्या गाडीला किरकोळ अपघात झाला. काय झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या गाडीने त्यांना धडक दिली. वय ५६.

त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य काय आहे? सगळे सांगतात, पण अर्थ कळत नाही.

जपानीत ते असं आहे: 'कारेता गिजुत्सु नो सुइहेई शिको'. 'कारेता' म्हणजे शब्दशः वाळलेलं, सुकलेलं. आपल्याला मात्र 'मुरलेलं' हा शब्द जास्त नेमका वाटेल, लोणचं मुरतं तसं. मुरलेलं तंत्रज्ञान म्हणजे जुनाट, टाकाऊ नव्हे. जे स्वस्त झालं आहे, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्या आहेत, जे हमखास चालतं, ते. 'सुइहेई शिको' म्हणजे आडवा विचार: आणखी उंच चढण्यापेक्षा बाजूला वळून बघणं, जी गोष्ट ज्या कामाची नाही असं सगळे समजतात तिला तिथे लावून बघणं.

कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेने एलसीडी स्वस्त झाल्या, तर त्यांचा खेळ करा. रंगीत स्क्रीन सेल खातो, तर काळापांढरा घ्या, पण यंत्र दिवसचे दिवस चालू द्या. सेगाचा 'गेम गिअर' रंगीत होता, उजळ होता, आणि सहा सेल काही तासांत संपवायचा. चार सेलवरचा हिरवट गेमबॉय त्याला पुरून उरला.

वंडरस्वानमध्ये हा विचार टोकाला नेलेला दिसतो. चार सेलचे एक झाले. १९९९ साली, रंगीत स्क्रीन आलेले असताना, काळापांढरा निवडला. हेडफोन लावायची जागासुद्धा काढून टाकली. ज्याला हवं त्याने वेगळा जोड विकत घ्यावा. हंसाला नीरक्षीरविवेक असतो असं आपण म्हणतो. या यंत्राकडे पाहिलं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी एकेक करून, शांतपणे ठरवलेलं जाणवतं. हेडफोनच्या बाबतीत तो निर्णय चुकला असं माझं मत आहे. बाकी जवळजवळ सगळे बरोबर होते.

डाव्या बाजूला बटणांचे दोन चौकडे कशाला?

कारण हे यंत्र आडवंही धरता येतं आणि उभंही.

आडवं धरलं की डाव्या हाताखाली चार-चार सुट्या बटणांचे दोन गट येतात, एक वर आणि एक खाली. त्यांना एक्स आणि वाय अशी नावं आहेत. उजवीकडे ए आणि बी. खालचा गट बहुधा दिशेसाठी, वरचा इतर कामांसाठी. आता यंत्राला असा पाव फेरा द्या की त्याची डावी कड खाली येईल. दोन्ही गट शेजारी शेजारी येतात. डावा अंगठा एका गटावर, उजवा दुसऱ्यावर, आणि मध्ये वर उंच, अरुंद स्क्रीन. ए आणि बी वरच्या टोकाला जाऊन गप्प बसतात.

वीस वर्षं आधीच्या आर्केडमधल्या कित्येक खेळांचा स्क्रीन उभा असायचा, विमानांच्या गोळीबाराचे खेळ तर हमखास. ते घरातल्या टीव्हीवर आणताना दोन्ही बाजूंना पट्ट्या सोडाव्या लागत. इथे नुसतं यंत्र फिरवलं की काम झालं. सगळे जण फोन उभा धरून खेळू लागले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. दिशेसाठी अखंड अधिकचिन्ह न ठेवता सुटी बटणं का, याचं उत्तरही यातच आहे: उभं धरल्यावर तीच चार बटणं गोळी मारण्याची, उडी मारण्याची होतात. ज्या माणसाने अधिकचिन्ह शोधलं, त्यानेच गरज पडल्यावर ते बाजूला ठेवलं.

सवय व्हायला वेळ लागतो. पहिले दोन दिवस अंगठा चुकतो, तिसऱ्या दिवशी चुकत नाही.

आत काय आहे?

एनईसीचा व्ही-३० एमझेड हा १६ बिटांचा प्रोसेसर, ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालणारा. आपल्या जुन्या पीसींमधल्या इंटेलच्या चिपची आज्ञावली त्याला समजते, म्हणजे नात्याने हा त्या संगणकांचा चुलत भाऊ. मूळ यंत्रात १६ किलोबाइट मेमरी, नंतर आलेल्या रंगीत आवृत्तीत ६४. स्क्रीन २२४ गुणिले १४४ ठिपक्यांचा. गेमबॉयची उंचीही १४४च होती, पण रुंदी १६० होती, म्हणजे इथे जागा चाळीस टक्के जास्त. एका वेळी राखाडीच्या आठ छटा दिसतात.

आवाजाचे चार मार्ग आहेत, आणि प्रत्येकाच्या ध्वनिलहरीचा आकार संगीतकार स्वतः ३२ टप्प्यांत आखू शकतो. त्यामुळे वंडरस्वानचं संगीत गेमबॉयपेक्षा थोडं गोल, थोडं घंटेसारखं वाजतं. बारक्या स्पीकरमधून ते अर्धंच ऐकू येतं, ही खंत आहे.

मूळ, कलर आणि क्रिस्टल यांत फरक काय? कुठलं घ्यावं?

मूळ १९९९चं, काळापांढरं. 'वंडरस्वान कलर' ९ डिसेंबर २००० रोजी आलं, ६,८०० येनला. ४,०९६ रंगांतून एका वेळी २४१ दाखवतं, सेल साधारण वीस तास जातो. 'स्वानक्रिस्टल' १२ जुलै २००२ रोजी, ७,८०० येनला. आतून ते कलरच आहे, पण स्क्रीन टीएफटीचा. कलरमध्ये हलत्या चित्रांमागे जी सावली ओढली जाते ती यात फारशी दिसत नाही.

जुने काळेपांढरे गेम तिन्हींवर चालतात. फक्त कलरसाठी बनवलेले गेम मूळ यंत्रावर चालत नाहीत. उजेड कुठल्याच स्क्रीनला आतून नाही. खिडकीशी बसून किंवा दिव्याखाली खेळायचं.

एकच घेणार असाल तर क्रिस्टल. पण मन विचाराल तर माझं मूळ यंत्रावर आहे. दुपारच्या उन्हात तो राखाडी स्क्रीन जसा स्वच्छ, छापील कागदासारखा दिसतो तसा कुठलाच रंगीत स्क्रीन दिसत नाही.

पहिला गेम कुठला खेळावा?

'गुनपेई'. यंत्राबरोबर पहिल्याच दिवशी आलेला कोड्याचा खेळ. योकोई गेल्यानंतर त्यांचंच नाव त्याला दिलं.

नियम मिनिटभरात कळतो. पाच रकाने, दहा ओळी. खालून वर चौकटी सरकत राहतात, आणि प्रत्येकीवर एक रेघ असते: चढती, उतरती, डोंगरासारखी किंवा दरीसारखी. तुम्ही फक्त एवढंच करायचं की वरखालच्या दोन चौकटींची अदलाबदल करायची. डावीकडे-उजवीकडे काहीही हलत नाही. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत रेघ अखंड जोडली गेली की ती सगळी नाहीशी होते. चौकट वरच्या टोकाला पोचली की खेळ संपला.

टेट्रिसमध्ये तुम्ही पडणाऱ्या तुकड्याची वाट बघता. इथे सगळा पसारा आधीच समोर असतो, आणि तुम्ही त्यात एक वाट शोधत असता. सुरुवातीला डोळा एकेक चौकट बघतो. काही दिवसांनी तो नुसता डोंगरांची रांग बघायला लागतो, सह्याद्रीकडे लांबून पाहताना दिसते तशी एकसलग कड. मग एक क्षण असा येतो की रेघ जुळते आहे हे दिसतं, पण तुम्ही ती मुद्दाम जोडत नाही, कारण आणखी एक फांदी तिला चिकटवता येईल. त्या थांबण्यात सगळी गंमत आहे. हा खेळ यंत्र उभं धरून खेळतात, आणि दोन अंगठ्यांखाली ते दोन चौकडे का आहेत हे पटवून द्यायला दुसरं काही लागत नाही.

पुढे कलरसाठी 'गुनपेई ईएक्स' आला, २००६मध्ये पीएसपी (सोनीचं हातातलं यंत्र) आणि निन्टेन्डो डीएसवरही तो पोचला. पीएसपीवरचा चकचकीत आहे, पण मला पहिलाच पुरतो.

जपानी येत नसेल तर आणखी काय खेळता येईल?

बरंच काही. 'मिस्टर ड्रिलर' आहे. 'क्लोनोआ: मूनलाइट म्युझियम' आहे, उड्या मारत सोडवायची कोडी, मजकुराची अडचण फारशी नाही. 'राइम रायडर केरोरिकान' हा तालाचा खेळ नानाऑन-शा या चमूने केला, 'पॅरापा द रॅपर' करणाऱ्यांनीच. एक मुलगी धावत असते आणि वाटेतल्या अडथळ्यांशी तालात बटण दाबायचं असतं. चूक केलीत की गाणं अडखळतं, बरोबर केलंत की गाणं तुमचं होतं.

कोनामीने चक्क 'बीटमेनिया' या यंत्रावर आणला होता, आणि त्याबरोबर बटणांवर बसवायची एक इटुकली तबकडी दिली होती.

डिजिमॉनच्या काही खेळांची इंग्रजी आवृत्ती आशियातल्या बाजारांसाठी निघाली होती. शिवाय हौशी लोकांनी काही खेळांचे इंग्रजी भाषांतराचे पॅच बनवले आहेत.

मी जपानी शिकते आहे. याचा उपयोग होईल का?

होईल, आणि हा प्रश्न पुण्यातून फार येतो, कारण तिथे जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. एक लक्षात ठेवा: बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर अवघड कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, वाचणं डोळ्यांना त्रासाचं असतं. मुलांसाठीचे खेळ निवडा, तिथे काना, म्हणजे उच्चारांची सोपी अक्षरं, जास्त असतात. लढाईच्या यादीतले शब्द, हल्ला, पळ, वस्तू, जादू, शेकडो वेळा डोळ्यांखालून जातात आणि पाठ करावे लागत नाहीत. 'डेन्शा दे गो!' हा लोकल ट्रेन चालवायचा खेळही पहिल्या दिवसाच्या खेळांपैकी. ठरल्या वेळेला, ठरल्या जागी गाडी थांबवायची. जपानी माणसाला सेकंदाचं काय महत्त्व असतं हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे जास्त चांगलं कळतं. मुंबईत लोकलने वाढलेल्यांना तो विशेष आवडेल.

'फायनल फॅन्टसी'चं नाव या यंत्राबरोबर सतत का येतं?

'फायनल फॅन्टसी' ही लांबलचक कथेच्या साहसखेळांची मालिका. ती बनवणारी स्क्वेअर ही कंपनी आणि निन्टेन्डो यांचं नव्वदच्या दशकाच्या मध्यात बिनसलं होतं; 'फायनल फॅन्टसी ७' सोनीच्या प्लेस्टेशनवर गेला तो तेव्हाच. त्यामुळे हातातल्या यंत्रासाठी स्क्वेअरने वंडरस्वान निवडलं. त्यांचा 'चोकोबो नो फुशिगी ना डंजन' पहिल्या दिवशीच आला. मग कलर आलं त्याच दिवशी पहिला 'फायनल फॅन्टसी', नव्याने रंगवलेला. मे २००१मध्ये दुसरा, मार्च २००२मध्ये चौथा.

तिसरा जाहीर झाला आणि कधीच आला नाही. लोक वाट बघत राहिले. अखेर २००६मध्ये तो निन्टेन्डो डीएसवर पूर्ण वेगळ्या, त्रिमितीय रूपात आला.

हे खेळ म्हणजे नुसत्या नकला नव्हत्या. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरच्या १९८७च्या पहिल्या भागात लढाईची पार्श्वभूमी जवळजवळ काळी होती. इथे जंगल, गुहा, समुद्र रंगवलेले आहेत. पुढे प्लेस्टेशनवर पहिले दोन भाग आले ते याच आवृत्तीवर बेतून. जगभरच्या लाखो लोकांनी ती चित्रं पाहिली, पण ती आधी एका सेलवर चालणाऱ्या यंत्रासाठी काढली होती हे थोड्यांना माहीत आहे.

बाकीचे खेळ म्हणजे कार्टूनवरचेच ना?

मोठा हिस्सा तसाच आहे, आणि ते साहजिक आहे. गंडम, डिजिमॉन, वन पीस, कार्डकॅप्टर साकुरा, नारुतो; बांदाईची खेळणी ज्यांच्यावर चालत ती सगळी मंडळी इथे हजर आहेत. त्यातले कित्येक साधारण आहेत. पण 'सुपर रोबोट वॉर्स कॉम्पॅक्ट २' चुकवू नका. ही एकच कथा २००० ते २००१ या काळात तीन वेगवेगळ्या कॅसेटमध्ये विकली गेली, आणि क्योस्के नान्बु व एक्सेलेन ही त्या मालिकेची लाडकी जोडी पहिल्यांदा इथेच दिसली.

आणि 'रिव्हिएरा', स्टिंग या कंपनीचा, क्रिस्टलबरोबर एकाच दिवशी आलेला. पुढे गेमबॉय अॅडव्हान्सवर त्याला जगभर चाहते मिळाले.

वंडरविच ही काय भानगड आहे?

भानगड नव्हे, या यंत्राच्या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं पान.

२००० साली क्यूट नावाच्या छोट्या जपानी कंपनीने एक संच विकायला काढला: परत परत लिहिता येईल अशी कॅसेट, पीसीला जोडायची तार, आणि सी भाषेत प्रोग्रॅम लिहायची साधनं. म्हणजे कुठलाही विद्यार्थी, कुठलाही हौशी माणूस घरी बसून वंडरस्वानसाठी स्वतःचा गेम लिहू शकत होता, आणि तेही बांदाईच्या परवानगीने. त्या काळात कन्सोलसाठी गेम लिहायचा तर कंपनी असावी लागे, करार लागे, महागडी यंत्रं लागत. इथे ते दार साध्या माणसासाठी उघडलं गेलं.

मग स्पर्धा भरल्या. त्यातून 'जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड' नावाचा विमानाच्या गोळीबाराचा खेळ पुढे आला. यंत्र उभं धरायचं, वरून शत्रूंच्या लाटा येतात, आणि तुमच्याकडे गोळ्या पुसून टाकणारी एक ढाल असते. ढाल धरली की बंदूक थांबते. एवढ्या एका अटीतून लेखकाने इतकं सूक्ष्म नाट्य उभं केलं आहे की भल्याभल्या कंपन्यांचे खेळ त्यापुढे फिके वाटतात. त्या इवल्या प्रोसेसरवर स्क्रीनभर गोळ्या हलत असतात, आणि वेग सुटत नाही.

२००४मध्ये, यंत्र दुकानांतून जवळजवळ दिसेनासं झाल्यावर, तो खेळ थोड्या प्रतींमध्ये खऱ्या कॅसेटवर निघाला. त्याच वर्षी 'डायसिंग नाइट पिरियड' हा वंडरविचमधून वाढलेला दुसरा खेळही आला. या कॅसेटचे भाव आता फार चढले आहेत. सुदैवाने 'जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड' आज पीसीवर रीतसर विकत मिळतो. ज्या यंत्राचे शेवटचे उत्तम खेळ त्याच्या चाहत्यांनी लिहिले, असं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

जोडायच्या वस्तूही होत्या ना?

होत्या. 'वंडरबोर्ग' हा सहा पायांचा किडा-रोबो, ज्याच्या हालचालींचा प्रोग्रॅम वंडरस्वानवर लिहायचा. 'वंडरवेव्ह' हा इन्फ्रारेडचा जोड, सोनीच्या पॉकेटस्टेशन या चिमुकल्या यंत्राशी बोलायला. आणि 'वंडरगेट', जो लावून मोबाइल फोनमार्फत इंटरनेटला जोडता येई, २००० साली.

एवढं चांगलं होतं तर बंद का पडलं?

समोर पोकेमॉन होता. नोव्हेंबर १९९९मध्ये त्याचे 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे भाग गेमबॉयवर आले आणि मुलांना गेमबॉय सोडून दुसरं काही घ्यायचं कारण उरलं नाही. मार्च २००१मध्ये ९,८०० येनला गेमबॉय अॅडव्हान्स आला, ताकदीने कितीतरी पुढचा. त्यानंतर स्क्वेअर आणि निन्टेन्डो यांचं पुन्हा जुळलं, आणि वंडरस्वानचा सर्वांत मोठा आधार गेला. जपानबाहेरची बाजारपेठ नव्हतीच, जिच्यावर तग धरता आला असता. २००३मध्ये बांदाईने हात आखडता घेतला.

यंत्रात खोट होती म्हणून ते गेलं नाही, हे मात्र ठामपणे सांगतो.

आज कुठे मिळेल? घेताना काय बघावं?

जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानांत. हार्ड-ऑफ, बुक-ऑफ, मंदाराके, तोक्योत आकिहाबारा, ओसाकात निप्पोनबाशी. हार्ड-ऑफमध्ये 'जंक' लिहिलेल्या निळ्या टोपल्या असतात; त्यात स्वस्तात मिळतं, पण चालेलच याची हमी दुकान देत नाही. तोक्योच्या निशी-कासाई भागात बरीच भारतीय मंडळी राहतात, मराठीही पुष्कळ. कोणी ओळखीचं दिवाळीला घरी येणार असेल तर बॅगेत सहज मावेल अशी ही वस्तू आहे.

घेताना सेलचं झाकण आधी उघडा. आत सेल पाझरून हिरवट-पांढरा गंज चढला असेल तर किंमत पाडून मागा. स्क्रीनवर आरपार मेलेल्या रेघा आहेत का ते चालू करून बघा. माझं पहिलं यंत्र मी घाईत, फक्त बाहेरून चकचकीत दिसलं म्हणून घेतलं, आणि घरी आल्यावर स्क्रीनच्या मधोमध तीन रेघा निघाल्या. चारचारची सगळी बटणं एकेक करून दाबून पाहा. खालचा गट जास्त वापरलेला असतो. गेम घेताना हेही ध्यानात ठेवा की काही कॅसेटमध्ये प्रगती जपण्यासाठी बटणासारखा छोटा सेल असतो. वीसबावीस वर्षांत तो संपलेला असू शकतो. डाग देता येणाऱ्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याला तो बदलता येतो.

एम्युलेटरवर खेळलं तर चालेल?

चालेल की. एम्युलेटर म्हणजे संगणकावर या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. ओळख करून घ्यायला मेडनाफेन किंवा एरीस हे एम्युलेटर उत्तम आहेत. एक गोष्ट जाणवेल: वंडरस्वानचा स्क्रीन सेकंदाला साधारण ७५ वेळा ताजा होतो, आणि आपले बहुतेक मॉनिटर ६० वेळा. त्यामुळे सरकणारी चित्रं अधूनमधून किंचित अडखळतात. दोष खेळाचा नसतो. शिवाय कीबोर्डवर दोन चौकड्यांची मांडणी आधी नीट करून घ्या, नाहीतर 'गुनपेई' वाईट वाटेल आणि तो अन्याय होईल.

यंत्र माझा रक्तगट का विचारतं?

स्टार्ट बटण दाबून ठेवून यंत्र चालू केलंत तर एक छोटं पान उघडतं. नाव, जन्मतारीख, लिंग आणि रक्तगट. आपल्याकडे नवी ओळख झाली की रास विचारतात, तसं जपानमध्ये रक्तगट विचारतात. ए गटाचे काटेकोर, ओ गटाचे मनमोकळे, असं लोक मानतात. शास्त्रात त्याला आधार नाही, पण गप्पांना पुरतो. खेळांना ही माहिती वाचता येते, म्हणजे खेळ तुम्हाला नावाने हाक मारू शकतो.

नाव रोमन अक्षरांत लिहायचं, सोळा अक्षरांपर्यंत. अक्षरांच्या यादीत एक बदाम आणि एक सुराचं चिन्हही आहे. ही नोंद सेल काढला तरी पुसली जात नाही. त्यामुळे जुनं यंत्र घेतलंत तर पहिल्यांदा स्टार्ट दाबून चालू करा. बहुधा तिथे कोणीतरी असतं. माझ्याकडच्या दुसऱ्या यंत्रात पाच अक्षरांचं एक नाव आहे, त्यापुढे बदाम, आणि यंत्र नवं असताना नऊ वर्षांचं असलेल्या मुलाची किंवा मुलीची जन्मतारीख. मी ती नोंद बदललेली नाही. 'गुनपेई' खेळायला बसलो की सेल घालतो, स्टार्ट दाबून ते पान एकदा बघतो, आणि मग कॅसेट लावतो.